सोळा घरांत तान्ह्या पोळ्याचा बैल: पिक्सेल चित्रं काढायला शिकताना

आमच्या घरी टीव्हीवर एक झाकण असायचं. पांढरं मॅटीचं कापड, त्यावर आईनं फुलीच्या टाक्यानं भरलेले समोरासमोरचे दोन पोपट. टीव्ही लावायचा तर आधी पोपटांची नीट घडी करून कपाटावर ठेवायची, असा घरचा नियम होता. त्याच टीव्हीला एका दिवाळीत मामानं नागपूरच्या सीताबर्डीवरून आणलेला कॅसेटचा गेम जोडला. आम्ही पोट्टे पडद्याला नाक लावून बसलो होतो. आई पोळ्यांच्या हातानं दारात आली, थोडा वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "हे त मॅटीचं भरणं दिसून राह्यलं."

आईचं निरीक्षण अगदी बरोबर होतं. मॅटीच्या कापडात आडव्या-उभ्या धाग्यांची घरं असतात. एका घरात एक फुली आणि एका फुलीला एकच रंग. अर्धं घर भरायची सोय नाही. जुन्या गेममधला माणूस, कासव, ढग, नाणं हे सगळं तसंच घर मोजून भरलेलं असतं. त्या घराला पिक्सेल म्हणायचं. मॅटीचं भरणं, ठिपक्यांची रांगोळी, सतरंजीची नक्षी हे ज्यांनी घरात पाहिलं आहे त्यांना पिक्सेल चित्रकला निम्मी ठाऊक असते. उरलेली निम्मी इथे क्रमानं सांगतो. शेवटी तुमच्याकडे चाकांवर चालणारा एक बैल तयार होईल. चित्रकला यायलाच हवी असं नाही. सुरुवातीला चौकटींची वही, पेन्सिल आणि खोडरबर एवढंच लागतं.

आधी नुसतं पाहा

पहिले दोन-तीन दिवस काहीच काढू नका. लहानपणी खेळलेला एखादा गेम पुन्हा पाहा, पण या वेळी जिंकायला नको. मध्येच थांबवा आणि घरं मोजा.

आपल्याकडे खेड्यापाड्यांत जे कॅसेटवाले गेम पोहोचले, ते बहुतेक निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या यंत्राच्या नकला होत्या. मूळ यंत्र जपानमध्ये १९८३ साली आलं. त्याचा पडदा २५६ बाय २४० घरांचा. हलणारी चित्रं ८ बाय ८ घरांच्या तुकड्यांनी बनायची आणि एका तुकड्यात तीनच रंग चालायचे. चौथा रंग म्हणजे आरपार दिसणारी मोकळी जागा. १९८५ सालच्या सुपर मारिओ ब्रदर्समधला छोटा मारिओ अशा चार तुकड्यांचा आहे, म्हणजे १६ बाय १६ घरांत बसणारा. अख्खा गेम सुमारे ४० किलोबाइटचा. आज मोबाइलनं काढलेला एक फोटो त्याच्या कितीतरी पट जड असतो.

मारिओचं रूपही या तंगीतूनच आलं. तो पहिल्यांदा १९८१ च्या डॉन्की काँगमध्ये दिसला, तेव्हा तो गेम रचणाऱ्या शिगेरू मियामोतो यांच्यापुढे इतक्या थोड्या घरांत केस आणि तोंड कसं दाखवायचं हा प्रश्न होता. त्यांनी डोक्यावर टोपी घातली, केस काढायची गरजच संपली. नाकाखाली मिशी दिली, तोंड काढावं लागलं नाही आणि नाकही उठून दिसलं. हात हलताना कळावेत म्हणून अंगात वेगळ्या रंगाचा, खांद्यावरून पट्टे येणारा पोशाख आला. नवशिक्यानं सगळ्यात आधी हेच शिकावं. जे काढता येत नाही ते झाकायला काय चालेल, असा विचार करायचा.

आमचा टीव्ही काळा-पांढरा होता. मारिओची टोपी लाल असते हे मला तालुक्याच्या बाजारात, पैसे देऊन अर्धा तास खेळायला मिळायचं त्या दुकानात कळलं. घरच्या टीव्हीवर मात्र मला एक गोष्ट सारखी खटकायची. आकाशातले ढग आणि जमिनीवरची झुडपं एकाच आकाराची दिसायची. कित्येक वर्षांनी वाचलं की ती खरोखरच एकच आहेत. तेच तुकडे, ढगाला पांढरा रंग आणि झुडपाला हिरवा. कॅसेटमध्ये जागा नव्हती म्हणून केलेली ही काटकसर होती. ते वाचलं त्या दिवशी मला फार आनंद झाला होता.

जुनं यंत्र माळ्यावर असेल तर

थोडक्यात सांगतो, कारण यात फसण्याच्या जागा मोजक्याच आहेत. कॅसेट चालली नाही की आम्ही सगळे तिच्यात फुंकर मारायचो. ते करू नका. तोंडातली वाफ तांब्याच्या पट्ट्यांना गंज आणते. काडीला कापूस गुंडाळा (आपल्याकडे त्याची काय वानवा), औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये तो ओलावा आणि पट्ट्या हलक्या हातानं पुसा. पूर्ण वाळू द्या, मगच कॅसेट लावा. अडॅप्टर बदलायचा असेल तर व्होल्टेज आणि टोकाची धन-ऋण खूण दोन्ही जुन्याशी जुळवा. पिक्चर ट्यूबचा जुना टीव्ही स्वतः उघडू नका. बंद करून ठेवलेल्या ट्यूबमध्येही जिवावर बेतेल इतका विजेचा दाब साठलेला असू शकतो. गेममधली बदकं मारायची बंदूक सापडली आणि ती नव्या सपाट टीव्हीवर चालली नाही तर ती बिघडली असं समजू नका. ती ट्यूबच्या पडद्यावरचा प्रकाश ओळखायलाच बनवलेली आहे.

यंत्र नसेल तरी अडत नाही. कंपन्यांनी आपले बरेच जुने गेम नव्या यंत्रांवर रीतसर विकायला ठेवले आहेत. शिवाय जुन्या यंत्रांसाठी आजही हौसेनं नवे गेम बनवणारी आणि फुकट देणारी माणसं आहेत. कुणाच्या तरी पेन ड्राइव्हमधली चोरीची प्रत घेण्यापेक्षा ते शोधा.

वही काढा

संगणक लांब ठेवा. मोबाइलही. गणिताची चौकटींची वही घ्या आणि त्यात १६ बाय १६ घरांचा चौकोन आखा. आडव्या ओळींना वरून खाली १ ते १६ आकडे द्या, उभ्या रांगांना डावीकडून उजवीकडे. वीज गेली तरी हे काम थांबत नाही, आणि आमच्या भागात वीज जायला कारण लागत नाही.

वहीपासून सुरुवात म्हणजे कमीपणा नाही. ॲपलच्या १९८४ सालच्या मॅकिंटॉश संगणकावरची छोटी चित्रं सुझन केअर यांनी आधी चौकटींच्या वहीतच काढली होती. ३२ बाय ३२ घरं, घर भरायचं किंवा सोडायचं.

हात बसायला आधी तिरक्या रेषा काढा. दोन घरं आडवी, एक पायरी वर, पुन्हा दोन घरं, पुन्हा पायरी. पायऱ्या सारख्या असल्या की रेषा सरळ दिसते. दोन, तीन, एक, दोन अशा कशाही आल्या की ती दातरलेल्या विळ्यासारखी दिसते. वळण हवं असेल तर पायऱ्या क्रमानं लहान करत न्या. चार घरं, मग दोन, मग एक, एक, आणि तिथून तशाच उभ्या वाढवत चार. पायरीच्या कोपऱ्यात अंगठा पुढे आल्यासारखं एखादं जास्तीचं घर भरलं जातं. ते खोडा. नवख्या चित्रातला बोजडपणा बहुतेक वेळा या जास्तीच्या घरांमुळे येतो.

आता बैल

मी नव्या माणसाला नेहमी तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल काढायला सांगतो. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगायचं तर, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लेकरं चाकं लावलेला लाकडी बैल सजवून दोरीनं ओढत घरोघरी नेतात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, घेतात. वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वे या गावी तर माणसाहून उंच नंदी निघतात. आपला सोळा घरांचाच. तो घ्यायचं कारण असं की तो मुळातच सोपा करून घडवलेला असतो. सुतारानं पायांचे स्नायू, खुरांच्या फटी, पापण्या हे सगळं आधीच वगळलेलं असतं. खऱ्या बैलापासून सोळा घरांपर्यंत यायचा अर्धा रस्ता त्यानं आपल्यासाठी चालून ठेवला आहे.

बैलाचं तोंड उजवीकडे ठेवू. खालून सुरुवात करा. आडव्या ओळी १४ ते १६ मध्ये तीन बाय तीन घरांची दोन चाकं, एक उभ्या रांगा ३ ते ५ मध्ये, दुसरं १० ते १२ मध्ये. त्यांच्या वर ओळ १३ मध्ये पाट, रांग २ पासून १४ पर्यंत. पाटावर पाय, ओळी ११ आणि १२, मागचा पाय रांगा ४-५, पुढचा १०-११. चार पाय काढायचा मोह होईल, पण दोनच काढा. पोट आणि पाठ मिळून ओळी ६ ते १०, रांगा ३ ते १२. वशिंड ओळी ४-५, रांगा ८ ते १०. डोकं ओळी ४ ते ७, रांगा १२ ते १५. शिंगं ओळी १ ते ३, एक रांग १२ मध्ये, दुसरं १४ मध्ये. शेपटी रांग २ मध्ये, ओळ ६ पासून १० पर्यंत.

वशिंड आणि डोकं यांच्यामध्ये, रांग ११ मध्ये, दोन घरं मोकळी राहिली आहेत ना? ती भरू नका. त्या दोन घरांमुळेच हा बैल वाटतो. भरून पाहा, लगेच डुक्कर होईल. पुन्हा खोडा.

आता सगळी भरलेली घरं एकाच पेन्सिलीनं काळी करा, वही दोन हात लांब भिंतीला टेकवा आणि घरातल्या एखाद्या लेकराला विचारा, हे काय आहे? "बैल" म्हणालं तर पुढे जा. "बकरी" म्हणालं तर शिंगं आणि वशिंड पाहा. माझा पहिला बैल माझ्या पुतणीला मोटरसायकल वाटला होता, कारण मी चाकं पाच घरांची केली होती. आतली सजावट कितीही केली तरी बाहेरचा आकार चुकलेला असेल तर चित्र उभं राहत नाही, म्हणून रंगांकडे जायची घाई करू नका.

तीनच रंग

जुन्या यंत्राचा नियम स्वतःवर लादून घ्या. तीन रंग आणि पार्श्वभूमी. मी दुधी पांढरा, गेरूचा लाल आणि गडद तपकिरी घेतो. मागे फिकट निळं आभाळ. अंग पांढरं, झूल लाल (ओळी ६ ते ८, रांगा ५ ते ८), चाकं, पाट आणि शेपटी तपकिरी. डोळा म्हणजे ओळ ५, रांग १४ मधलं एकच तपकिरी घर. हे घर एक रांग मागे सरकवा, बैल म्हातारा दिसतो. एक ओळ खाली घ्या, तो दमलेला दिसतो. एका घराची ही ताकद एकदा स्वतः पाहा.

इथे आमच्या काळ्या-पांढऱ्या टीव्हीनं मला फुकटात शिकवलेली गोष्ट सांगतो. रंग निवडताना आधी त्यांचा गडद-फिकटपणा पाहा. लाल आणि हिरवा एकमेकांपासून कितीही वेगळे वाटले तरी दोन्ही सारखेच गडद असतील, तर लांबून ते एकमेकांत मिसळतात. मोबाइलवर चित्राचा फोटो काढून तो काळा-पांढरा करा. झूल अंगापासून वेगळी दिसते का? नसेल तर लाल आणखी गडद करा. जुन्या कार्टूनवाल्यांनाही याच अडचणीनं गाठलं होतं. मिकी माउसचं अंग काळं आणि हातही काळे, त्यामुळे छातीसमोर आलेला हात हरवून जायचा. मग त्याला पांढरे हातमोजे मिळाले.

सावलीसाठी चौथा रंग हवासा वाटेल. आठवडाभर थांबा. नंतर वापराल तेव्हा उजेड कुठून येतो ते आधी ठरवा, समजा वर डावीकडून, आणि सावली पोटाखाली व पायांच्या आत द्या. आकाराच्या कडेनं सगळीकडून गडद पट्टा फिरवला तर बैल उशीसारखा फुगलेला दिसतो. ही चूक जवळपास प्रत्येक जण करतो.

वहीतून मोबाइलवर

संगणक असेल तर ब्राउझरमध्ये चालणारं पिस्केल फुकट आहे आणि शिकायला सगळ्यात सोपं. लिब्रेस्प्राइट हेही फुकट, संगणकात टाकून घ्यायचं, मग नेट नसलं तरी चालतं. व्यावसायिक कलाकार बहुतेक ॲसप्राइट वापरतात, ते विकत घ्यावं लागतं आणि पहिल्या वर्षी तरी त्याची गरज नाही. नुसता अँड्रॉइड मोबाइल असेल तर पिक्सेल स्टुडिओ टाका. बोट जाड आणि घर बारीक, म्हणून दोन बोटांनी मोठं करून एकेक घर भरा.

नवा कॅनव्हास उघडताना आकार १६ बाय १६ द्या. ५०० बाय ५०० देऊन त्यात छोटं चित्र काढू नका. ब्रश एक पिक्सेलचाच, कडा गुळगुळीत करणारी सोय बंद. वहीतले आकडे समोर ठेवून घरं भरत जा. वीस मिनिटांचं काम आहे.

बैल चालवायचा

कार्टूनसाठी सिनेमाच्या फिल्मवर एका सेकंदात २४ चौकटी जातात. पण चांगल्या कार्टूनमध्येही बरेचदा एकच चित्र दोन चौकटींना वापरतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. आपल्याला आठ पुरतील.

आधी कॅनव्हास २४ बाय २४ करा. बैलाची शिंगं पहिल्या ओळीला टेकलेली आहेत, त्यामुळे तो उडाला तर वर कापला जातो. मी हे विसरलो होतो आणि बिनशिंगी बैल उड्या मारत राहिला.

आता त्याच चित्राच्या चार प्रती करा. पहिल्या प्रतीत दोन्ही चाकांच्या वरच्या मधल्या घराला पांढरा ठिपका द्या. दुसऱ्या प्रतीत तो ठिपका उजव्या मधल्या घरात, तिसऱ्यात खालच्या, चौथ्यात डाव्या. प्रत्येक प्रतीला १२५ मिलिसेकंद वेळ द्या आणि चालवून पाहा. चाकं फिरू लागतात! मला आजही हा क्षण नवा वाटतो. मग तिसऱ्या प्रतीत अख्खा बैल पाटासकट एक घर वर उचला. गल्लीतल्या गोट्यावरून चाक गेलं की बसतो तसाच धक्का दिसेल.

मान हलवायची असेल तर हॅना आणि बार्बेरा यांच्या स्टुडिओची एक युक्ती उपयोगी पडते. १९५७ पासून टीव्हीसाठी भराभर कार्टून बनवताना त्यांनी बऱ्याच प्राण्यांना कॉलर नाहीतर टाय घातला. योगी अस्वलाचा आठवा. त्यामुळे धड तसंच ठेवून नुसतं डोकं वेगळं हलवता यायचं आणि सांधा कॉलरखाली झाकला जायचा. आपल्या बैलाला टाय कशाला? त्याच्या गळ्यात घुंगरमाळ आहेच. रांग १२ मध्ये ओळ ४ ते ९ (आकडे वहीतलेच) लाल आणि तपकिरी घरं एकाआड एक भरा. माळ जागेवर ठेवा आणि दुसऱ्या व चौथ्या प्रतीत तिच्या पुढचं डोकं व रांग १४ मधलं शिंग एक घर खाली आणा. बैल मान डोलवत निघतो.

साठवताना आणि पाठवताना

स्थिर चित्र पीएनजी म्हणून साठवा, चालणारं जीआयएफ म्हणून. जेपीजी नको, त्यात घरांच्या कडांना मळकट रंग पसरतात. मोठं करायचं तर पूर्ण पटीतच करा, १६ चं १६०, ३२० किंवा ६४०. दीडपट केलं तर काही घरं मोठी, काही लहान होतात. मोठं करताना 'निअरेस्ट नेबर' हा पर्याय निवडा, नाहीतर सगळं धूसर होतं. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलं की ते दाबून बिघडवलं जातं. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

स्थिर बैल मॅटीवरही उतरवा. कापड दोनदा घडी घालून मधोमध खूण करा. ती खूण म्हणजे रांग ८ आणि ९ यांच्या मधली, ओळ ८ आणि ९ यांच्या मधली जागा. सहापदरी दोऱ्यातले दोन किंवा तीन पदर घ्या, जाडीप्रमाणे. पहिला टाका खुणेच्या वर डाव्या घरात घाला, तिथे झुलेचा लाल आहे, आणि तिथून बाहेर मोजत जा. सगळ्या फुल्यांचा वरचा टाका एकाच दिशेनं यायला हवा. एखादी उलटी पडली तर चमक बदलते आणि ती फुली लांबूनही ओळखू येते. आईनं माझ्या बैलाच्या पाटावर अशा दोन फुल्या लगेच दाखवल्या आणि उसवायला लावल्या.

भरताना उजवीकडे दोन-तीन रांगा मोकळ्या ठेवा, बैल ओढायची दोरी भरायला लागतील.